डाव्या हाताने वाढणारा संत

६ जानेवारी, चिपळूण

काम : चाचींची सुटकेस भरणे आणि ती विमान कंपनीच्या वजनात बसवणे.

चाची म्हणजे आमच्या शेजारच्या शरीफभाईंची आई. वय ऐंशीच्या आसपास, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. शरीफभाई पंचवीस वर्षं दुबईत आहेत. आईनं एकदा तरी येऊन आपला संसार बघावा, हा त्यांचा हट्ट. आणि एकटी विमानात बसणार नाही, हा चाचींचा. शेवटी शरीफभाईंनी मला फोन केला. "ताई, तुमचं तिकीट मी काढतो. तुम्ही फक्त तिला आणून सोडा, थोडे दिवस राहा, दुबई बघा."

माझं मंगल कार्यालय आहे. पौषात लग्नं नसतात. दरवर्षी या दिवसांत मी संडासांच्या टाइल्स बदलून घेते नाहीतर कनाती धुऊन काढते. या वर्षी टाइल्स ठीक होत्या, म्हणून दुबईला गेले.

चाचींच्या सुटकेसमध्ये सुकट, कोकम, कुळथाचं पीठ आणि एक वरवंटा होता.

"चाची, दुबईत मिक्सर असतो."

"मिक्सरातलं वाटण नि भिंतीचा ऑइलपेंट एकच गो मंदे."

मी वरवंटा बाहेर काढून ठेवला. पाणी पिऊन आले तर वरवंटा परत आत होता, आणि वर जागा होती म्हणून ठेवलेल्या माझ्या दोन साड्या बाहेर होत्या. वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं स्क्रीनवर तो दगड बघून सुटकेस उघडायला लावली, सुकटीचा वास आल्यावर स्वतःच घाईघाईनं बंद केली आणि "यल्ला, यल्ला" म्हणत आम्हाला दाराकडे पिटाळलं.

८ जानेवारी, देरा

शरीफभाईंचं घर देऱ्यात, एका जुन्या इमारतीत. खाली घड्याळांचं दुकान, वर टायपिंगचं ऑफिस, त्याच्या वर हे. घर स्वच्छ. बायको नसीम, शांत बाई. तिनं घावणे आणि पापलेटाचं सालन केलं होतं. नात शाळेतून आली, आजीच्या गळ्यात पडली. चाचींनी विचारलं, "कसली गो वाळलीस तू?" नात म्हणाली, "आय अ‍ॅम फाइन, दादी." चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरी आहे म्हणते.

संध्याकाळी अब्र्यात बसून खाडी ओलांडली. अब्रा म्हणजे लाकडी होडी, कडेला पाय सोडून बसायचं. भाडं एक दिरहम, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. पलीकडे बर दुबई. तिथल्या मीना बाजारात मला साडी घ्यायची होती, पण काउंटरवर तीच साडी निघाली जी आमच्या बाजारपेठेत दिवाळीला पडून राहिली होती. दुकानदारानं "मॅडम, एकदम नया डिझाइन" म्हटल्यावर मी चहा पिऊन उठले.

परत येताना चाची गाडीत झोपल्या, आणि तेव्हा शरीफभाईंनी मला खरी गोष्ट सांगितली.

देऱ्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी लावलेल्या. मग त्यांची कंपनी बंद पडली. आता ते एका अरबाबकडे आहेत. अरबाब म्हणजे मालक, इकडे कामगार मालकाला असंच म्हणतात. या अरबाबनं रास अल खैमाच्या अलीकडे वाळवंटात एक इंग्लिश खेडं बांधलंय. लोकांनी यायचं, फोटो काढायचे, जेवायचं. खेडं म्हटलं की चर्च आलंच, म्हणून चर्चही बांधलं. पण त्याला चर्च म्हणायचं नाही, हॉल म्हणायचं. त्याच्या खिडक्या मात्र अस्सल आहेत. इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं शेकडो वर्षांचं चर्च बंद पडलं, त्याच्या रंगीत काचांच्या सात खिडक्या विकायला निघाल्या, त्या अरबाबनं विकत घेतल्या आणि पेट्यांत भरून जहाजानं आणल्या. बसवायचं काम शरीफभाईंकडे.

"आधी दोन कॉन्ट्रॅक्टर पळून गेले, ताई. काचेला हात लावायची हिंमत होईना. मी लावल्या. अकरा तारखेला ओपनिंग आहे. अरबाबला काम पसंत पडलं तर पुढच्या सगळ्या साइट माझ्या. नाही पडलं तर खलास. ह्या वयात नवा व्हिसा कोण देतंय? सगळा संसार उचलून चिपळूणला येऊन बसायचं."

"बसायला काय झालं? घर आहे."

"घर आहे. मी काय करू तिथं? मला तिथं आता कोण ओळखतं?"

मी ओळखते, असं म्हणणार होते, पण त्यानं कुणाचं पोट भरत नाही.

"आईला ह्यातलं काही सांगू नका," ते म्हणाले. "तिच्या पोटात काही राहत नाही."

१० जानेवारी, इंग्लिश खेडं

हमरस्ता सोडला की दोन्हीकडे वाळू, मधून उंटांसाठी घातलेलं कुंपण, आणि मग अचानक एक दगडी पूल. पुलाखाली तळं, तळ्यात बदकं. जवळ गेल्यावर कळलं की बदकांच्या पोटात मोटर आहे. खरी आणली होती, पण ती इकडचं ऊन बघून तळ्यात उतरेनात. गवत प्लॅस्टिकचं, पण उत्तम प्रतीचं. मी चिमटीत धरून बघितलं, कार्यालयाच्या स्टेजला घेण्यासारखं आहे. लाल टेलिफोनच्या खोक्यात एटीएम. गवताच्या छपरांच्या झोपड्यांमधून कडक मसाल्याचा करक चहा मिळतो. आणि संध्याकाळी पाऊस पडतो. इंग्लंडमध्ये पडतो म्हणून इथंही. झाडांमध्ये नळ्या लपवल्यात त्यांतून. त्या वेळी फाटकावरची फिलिपिनो मुलगी छत्र्या वाटते. इकडची पोरं त्या पावसात नाचतात आणि आयांना बोलावून फोटो काढायला लावतात. आमच्याकडे पावसात पोरांना आत ओढायला आया धावतात.

प्रोजेक्ट मॅनेजर अमेय नावाचा पुण्याचा तरुण होता. त्यानं आम्हाला हेल्मेट दिली. चाचींनी ते पदरावरून घातलं आणि चाकाच्या खुर्चीत राणीसारख्या बसल्या.

हॉल मला आवडला. छत उंच, हवा खेळती, खांब कमी. मी मनात पंगती मांडल्या : दोन रांगा आरामात, मधून वाढप्यांना जायला जागा. संडास मागच्या बाजूला, वास येणार नाही असे. चर्चच्या मानानं फार सोयीचं बांधकाम.

त्या दिवशी सकाळीच आतली परांची आणि काचांवरचे प्लॅस्टिकचे कागद काढले होते. सात खिडक्या, एकीशेजारी एक, निमुळत्या टोकाच्या. अमेय म्हणाला, "हे ना, सेव्हन वर्क्स ऑफ मर्सी आहेत. पुण्याची सात कामं." शरीफभाईंनी त्यांना आपली नावं दिली होती : भाकरी, पाणी, कपडे, पाहुणा, आजारी, जेल, मयत. प्रत्येक खिडकीत एकच दाढीवाला माणूस, लाल झग्यातला, त्यातलं एकेक काम करताना. भुकेल्याला पाव देतोय, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, असं शेवटच्या खिडकीपर्यंत. तिच्यात तो खड्ड्यावर माती टाकत उभा. ही मयताची खिडकी नेमकी मिठायांच्या काउंटरवर आली होती. खाली कुनाफा मांडायचा होता.

काचांच्या तळाशी जाड, काटेरी अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ते कुणालाच वाचता येईना.

मी कबूल करते की मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. ऊन त्या काचांतून आत आलं होतं आणि चाचींच्या पांढऱ्या पदरावर निळे, तांबडे तुकडे पडले होते. आमच्या कार्यालयात खिडक्यांना दुधी काच आहे, बाहेरच्यांना नवरी दिसू नये म्हणून. खिडकीचा असाही उपयोग असतो हे मला सुचलं नव्हतं.

"अगो मंदे," चाची म्हणाल्या, "ह्यो मेला डाव्या हातान भाकर देतंय."

मी बघितलं. खरंच. पाव डाव्या हातात. पुढच्या खिडकीत पाण्याचा पेला, तोही डाव्या हातात. माझ्या कार्यालयात वाढपी डाव्या हातानं वाढताना दिसला तर पंगत उठायच्या आत त्याचा एप्रन उतरतो. कुणी काही म्हणत नाही, पण पानावरचा माणूस जेवत नाही.

"इंग्लंडमध्ये असेल तसं," अमेय म्हणाला.

"पेटीतून काढताना असाच होता का?" मी शरीफभाईंना विचारलं.

ते दारातून बाहेर गेले, भिंतीला वळसा घालून पार्किंगच्या बाजूनं खिडकीसमोर उभे राहिले, तिथून आत आले, परत बाहेर गेले. मग येऊन रंगाच्या डब्यावर बसले.

भानगड अशी होती. त्या काचांची रंगवलेली बाजू म्हणजे सुलटी बाजू, आणि ती चर्चमध्ये आतल्या अंगाला असते, कारण तिकडे लोक आत बसून खिडकी बघतात. शरीफभाईंनी ती बाहेरच्या अंगाला लावली होती. सातही. बाहेरून बघितलं तर सगळं ठीक. आतून बघितलं तर चित्र उलटं, म्हणजे उजव्याचा डावा.

"असं का केलंत?"

"ताई, आयुष्यभर पाट्या लावल्या. पाटीचं तोंड रस्त्याकडं असतं. गिऱ्हाईक बाहेरून येतं ना?"

त्यातून इंग्लंडमधल्या कन्सल्टंटनंही मंजुरी दिली होती. त्याला फोटो पाठवले होते ते रात्री, आत दिवे लावून, पार्किंगमधून काढलेले. तो म्हणाला होता, लव्हली.

"मी ड्रॉइंगप्रमाणे चेक केलं," अमेय म्हणाला. "ड्रॉइंगमध्ये बाहेरचंच एलिव्हेशन असतं. टेक्निकली आपलं काही चुकलेलं नाही."

"टेक्निकली," मी म्हटलं, "तो माणूस डाव्या हातानं वाढतोय."

"उलटवायला किती वेळ?" अमेयनं विचारलं.

"एक खिडकी काढून लावायला आठवडा," शरीफभाई म्हणाले. "घाई केली तर काच जाईल."

ओपनिंग दुसऱ्या दिवशी होतं. चाची एवढ्यात खुर्ची ढकलायला सांगून बाहेरची बदकं बघायला निघाल्या होत्या, ते बरं झालं.

कार्यालय चालवताना एक गोष्ट शिकते माणूस. पाहुणे येणारच असतात. वीज जावो, आचारी पळो, मुलीचा बाप रुसून बसो, पाहुणे येतात आणि त्यांना बसवावं लागतं. मी विचारलं, "हे लोक आतच जेवले पाहिजेत असं कुठं लिहिलंय? जानेवारी आहे, हवा गार आहे. टेबलं बाहेर मांडा. हॉल रिकामा ठेवा, आत सगळे दिवे लावा, दारं बंद. लोक बाहेर बसतील, खिडक्या बाहेरून बघतील. बाहेरून तुमचा संत उजव्या हातानंच वाढतोय."

अमेयनं माझ्याकडे आदरानं बघितलं. "काकू, हे एक्स्पीरिअन्शियल झालं एकदम."

"काय झालं ते झालं. टेबलांचे पाय लेव्हलला आहेत का बघ."

११ जानेवारी, ओपनिंग

दुपारी हिल्डा नावाची एक इंग्लिश बाई आली. कंपनीनं तिला मुद्दाम बोलावलं होतं, कारण ती त्या चर्चच्या गावची होती. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, सपाट बूट, हातात कापडी पिशवी. गावात तिच्याकडे त्या खिडक्या पुसायचं काम असे, लग्न होऊन त्या गावात आल्यापासून. अमेयनं मला बाजूला घेतलं. "काकू, हिला आत जाऊ देऊ नका. प्लीज."

मी तिला चहाच्या झोपडीत नेलं. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, तिचंही बोलणं कामापुरतंच होतं, त्यामुळे जमलं. करक चहाचा एक घोट घेऊन ती म्हणाली, हा चहा नाही, पण चांगला आहे. मी चर्च का बंद पडलं ते विचारलं. ती म्हणाली, यायचं कोण? शेवटी शेवटी रविवारी आम्ही म्हाताऱ्या तेवढ्या असायचो, आणि छपरातून गळत होतं. आता तिथं कुणी नवराबायको राहतात. वेदी होती तिथं त्यांनी ओटा आणि शेगडी केली आहे.

म्हणजे तिकडे चर्चमध्ये स्वयंपाकघर झालं आणि इकडे हॉटेलात चर्च. मी तिला म्हटलं, एकूण हिशेब बरोबर आहे. ती बराच वेळ हसली.

मग चाची आल्या. हिल्डानं त्यांच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून स्वतःच्या गुडघ्यांकडे दाखवलं. चाचींनी मान डोलावली. त्या दोघींचं पुढं सगळं संभाषण गुडघ्यांविषयी झालं आणि त्यात माझी गरज पडली नाही.

अंधार पडल्यावर हॉलमधले दिवे लावले. सातही खिडक्या एकदम पेटल्यासारख्या झाल्या. वाळूवर, गाड्यांच्या टपांवर, वेटरांच्या पांढऱ्या शर्टांवर रंग सांडले. पाहुणे "माशाल्ला" म्हणत उभेच राहिले. अरबाब आला. साठीचा, साध्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला, बोलणं बेताचं. टेबलांमधून चालत त्यानं एकेक खिडकी बघितली आणि शरीफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. शरीफभाईंच्या चेहऱ्यावर आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच तजेला आला.

हिल्डा माझ्या शेजारी बसली होती. "आम्ही कधी रात्री बाहेरून बघितल्याच नाहीत," ती म्हणाली. "रात्री दिवे लावायला पैसे पडायचे."

"छान दिसतात," मी म्हटलं.

"छान दिसतात," ती म्हणाली. "पण उलट्या लावल्यात."

मी भाताचा घास गिळला. "कधी कळलं?"

"बसमधून उतरल्याबरोबर. बाहेरून मला त्यांची पाठ दिसायला हवी." तिनं चमच्यानं भात सारखा केला. "जेलच्या खिडकीचं आमच्याकडेही तसंच झालं होतं. वादळात निखळली, ती बसवली पाद्रीबाबांच्या मेव्हण्यानं. कित्येक वर्षं उलटी होती. मेव्हणा होता ना, कोण बोलणार?"

मला त्या क्षणी ती बाई आमच्या आळीतली वाटली. तिनं गप्प राहायचं ठरवलं होतं, आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं.

पण तेवढ्यात पाऊस आला.

तो संध्याकाळी पडून गेला होता. अमेयनं रात्रीसाठी बंद करायला सांगितलंही होतं. पण ओपनिंगनिमित्त कंपनीच्या अबू धाबीच्या ऑफिसातल्या कुणीतरी खास जादा पाऊस लावला होता, सरप्राइज म्हणून. झाडांतून सूं आवाज झाला आणि बिर्याणीवर, कॅमेऱ्यांवर, बायकांच्या अबायांवर अस्सल इंग्लिश रिमझिम सुरू झाली. अमेय फोनवर ओरडत पळाला. फाटकावरच्या मुलीकडे छत्र्या होत्या त्या पहिल्या टेबलालाही पुरल्या नाहीत. सगळे उठून हॉलच्या दाराकडे धावले. मी दार धरून उभी राहिले, पण ओल्या पाहुण्यांना आजवर कुणीही दारात अडवू शकलेलं नाही. आणि सगळ्यांच्या पुढं, चाचींची खुर्ची स्वतः ढकलत, अरबाब होता.

"आरामसे, माँजी," तो म्हणत होता. इकडची जुनी माणसं हिंदी बोलतात, मुंबईचा व्यापार त्यांच्या घरात होता.

आत आल्यावर त्यानं चाचींना विचारलं, "हॉल कैसा है?"

शरीफभाई माझ्याकडे बघत होते. मी चाचींकडे. चाची वर बघत होत्या.

"हॉल अच्छा है," चाची म्हणाल्या. "लेकिन ये दाढीवाला सबको बाएँ हात से खिलाता है. ऐसा कौन खाएगा?"

अरबाबनं वर बघितलं. मग स्वतःचा उजवा हात पुढे केला, जसं काही पाव देतोय, मग डावा. परत वर बघितलं. त्याच्या मागं ओल्या पाहुण्यांनी हेच केलं. हॉलभर लोक हवेत पाव देत उभे.

"किसने लगाया?"

अमेय धापा टाकत पोचला होता. तो शरीफभाईंच्या कानाशी लागला. मी जवळच होते म्हणून ऐकलं. "कन्सल्टंटचं नाव घ्या. अ‍ॅप्रूव्हलचा ईमेल आहे आपल्याकडे."

शरीफभाई म्हणाले, "मैंने लगाया, अरबाब. मुझे लगा पाटी है. लोग बाहर से आते हैं, तो मुँह बाहर किया."

कुणी बोलेना. मग चाची बोलल्या, कारण शांतता त्यांना सहन होत नाही. "सब थोडी गलत है. कपडा बाएँ हात से दिया तो चलता है."

"कैसे चलता है?" अरबाब म्हणाला. "देना है तो दाएँ से देना है."

"आजारी माणसाला औषध?" मी विचारलं.

"पेट में जाता है. दायाँ," अरबाब म्हणाला.

हिल्डाला काय चाललंय ते मी सांगितलं. तिचं मत पडलं की पाहुण्याला दार उघडताना कुठलाही हात चालतो, दार उघडलं म्हणजे झालं. चाची म्हणाल्या, जेलमध्ये कोण हात बघतो, गेला हेच खूप. मयतावर माती मात्र उजव्यानंच, यावर चाची, अरबाब आणि मी, तिघांचं एकमत झालं. हिल्डा म्हणाली, आमच्याकडे ते काम फावड्यानं होतं. म्हणजे भाकरी, पाणी, कपडे, औषध, माती या पाच खिडक्या सुलट्या करायच्या आणि पाहुणा व जेल तशाच ठेवायच्या, इथवर आम्ही आलो होतो. पाहुणे आजूबाजूला उभे राहून आपापली मतं देत होते. एक सुटाबुटातला गृहस्थ म्हणाला की तो जन्मतः डावखुरा आहे. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तेव्हा हिल्डा उठली. "हाताचं तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली, "पण रंग बाहेरच्या बाजूला राहिला तर ही वाळू त्याला घासून काढेल. थोड्या वर्षांत हात राहणार नाहीत आणि चेहरेही राहणार नाहीत." मी ते हिंदीत सांगितलं, जमेल तसं.

अरबाब शरीफभाईंकडे वळला. "निकाल सकता है? बिना तोडे?"

"हाँ."

"और कोई निकाल सकता है?"

शरीफभाईंनी थोडा विचार केला. "नहीं, अरबाब. मैंने ऐसा लगाया है, किसी और से नहीं निकलेगा."

"तो फिर तू निकाल. सब सात. कल से. तेरी छुट्टी खलास. बाद का बाद में देखेंगे, इन्शाल्ला." मग तो चाचींसमोर वाकला. "माँजी, खाना खाया?"

"पाण्यात गेलं सगळं," चाची मला म्हणाल्या. "सांग त्याला."

पाऊस थांबल्यावर नवी बिर्याणी आली आणि सगळे आतच जेवले. मयताच्या खिडकीखालचा कुनाफा सगळ्यात आधी संपला. शरीफभाई जेवले नाहीत. ते कोपऱ्यात उभे राहून भाकरीच्या खिडकीची चौकट बोटांनी चाचपत होते. नोकरी राहिली की गेली, ते मला नीट कळलं नव्हतं. त्यांनाही कळलेलं दिसत नव्हतं. "सात खिडक्या म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तरी आहे मी," ते मला म्हणाले. "पुढचं पुढे."

परतीच्या गाडीत चाचींनी विचारलं, "सगळे एवढे गप कशाला झाले होते? मी काय वाईट बोलले?"

"नाही," शरीफभाई म्हणाले. "बरोबर बोललीस."

१२ जानेवारी

मी दुबईचा तो उंच टॉवर बघायला जाणार होते, नसीमनं तिकीट काढून ठेवलं होतं. ते तिच्या मुलीला दिलं आणि शरीफभाईंबरोबर साइटवर गेले. त्यांचे दोन कामगार होते, पण भाकरीची खिडकी उतरवताना चारजण हवे होते, आणि अमेय अबू धाबीला खुलासा द्यायला गेला होता.

खाली गाद्या पसरल्या. शरीफभाई शिडीवर चढून कडेच्या खिळी एकेक करून सैल करायला लागले. शेवटची खीळ निघाली आणि काच चौकटीतून हलली, आणि तिच्या मागून बाहेरचा वारा आणि थोडी वाळू आत आली.

"ताई, येतेय. धरा."

वजन माझ्या अंदाजापेक्षा जास्त होतं. मी दोन्ही हात लावले आणि सोडले नाहीत.